बुरूज बांधण्यापूर्वीचा हिशेब

शास्त्रपाठ : लूक १४:२८-३०



बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याचा दृष्टान्त आपणांस ठाऊक आहे. शहाणा असेल तो आधी खाली बसतो, हिशेब करतो आणि मग पायास हात घालतो. प्रभूने हे शिष्यत्वाविषयी सांगितले. परंतु जे जे काम देवासाठी व शेजाऱ्यासाठी हाती घ्यावयाचे, त्या सर्वांस हा नियम लागू आहे. आज आम्ही तो नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या आपल्या मुलींस, व आता त्या वाटेने जाऊ लागलेल्या मुलांसही, लावून पाहणार आहोत.

आमच्या मंडळ्यांतून एक बोलणे वारंवार कानी येते. "मुलीच्या मनात सेवा आहे ना? मग देव वाट काढील." देव वाट काढतो, ह्यात शंका नाही. परंतु काढलेल्या वाटेवर चालावयाचे पाय मुलीचेच असतात. आमचे सांगणे एवढेच, की तयारी ही सेवेच्या अलीकडची अडचण नसून सेवेचाच पहिला भाग होय.

पहिली गोष्ट, अभ्यासाची. शोमरोनी मनुष्यास जखमी वाटसरू पाहून कळवळा आला, हे आपण प्रत्येक उपदेशात ऐकतो. पण त्या वेळी त्याच्यापाशी तेल होते, द्राक्षारस होता, वाहन होते, आणि उतारशाळेच्या धन्यास द्यावयास दोन नाणी होती. तो रिकाम्या हाताने प्रवासास निघाला असता, तर त्याचा कळवळा जखमीच्या फारसा उपयोगी पडला नसता.

मुली आम्हांस विचारतात, की रोग्याची शुश्रूषा करावयाची, तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र कशाला? त्याचे उत्तर रोग्याच्या खाटेपाशी आहे. समजा, १२ किलो वजनाच्या बालकास ताप आहे, आणि दर किलोस १५ मिलिग्रॅम ह्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यावे, असे डॉक्टरांनी लिहिले आहे. बाटलीतील औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आहेत. तर किती पाजावे? साडेसात मिलिलिटर. दशांशचिन्ह एक घर सरकले, की औषध दसपट होते. तसेच एक लिटर सलाइनमध्ये ९ ग्रॅम मीठ का असते? नुसते पाणी शिरेत गेल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुगून फुटतात, म्हणून. हे ज्ञान बारावीच्या पुस्तकांतूनच सुरू होते. म्हणून जी मुलगी कंदिलाशी किंवा दिव्याशी बसून हे गणित पुन्हा पुन्हा सोडविते, ती त्या न पाहिलेल्या बालकाची शुश्रूषा आजच करीत आहे, असे आम्ही समजतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंची गोष्ट सांगताना लोकांस हाती दिवा घेतलेली बाई तेवढी आठवते. परंतु क्रिमियाच्या युद्धातील इस्पितळात त्या १८५४ मध्ये गेल्या. त्यापूर्वी १८५१ मध्ये जर्मनीतील काइझर्सवेर्थ येथे राहून त्यांनी शिक्षण घेतले होते. ती संस्था १८३६ मध्ये थिओडोर फ्लीडनर नावाच्या एका लहान मंडळीच्या पाळकाने सुरू केली होती. दिवा लोकांनी मागाहून पाहिला. वात आधी वळली गेली होती.

दुसरी गोष्ट, चोख व्यवहाराची. चार वर्षांच्या पदवीसाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, व वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते; तीत ह्या विषयांबरोबरच नर्सिंगकडे मुलाचा कल कितपत आहे, हेही तपासले जाते. म्हणजे हा विचार बारावीचा निकाल लागल्यावर नव्हे, तर दहावीनंतर शाखा निवडतानाच करावयाचा आहे.

कागदपत्रांविषयी आम्ही मुद्दाम लिहितो. आपल्या कित्येक घरांत मुलीचे बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेच्या दाखल्यावरील दुसरे, आणि आधार कार्डावर तिसरेच असते. ही तफावत अर्जाच्या शेवटच्या दिवशी ध्यानात आली, तर तहसील कचेरीचे हेलपाटे घालूनही वेळ हाती राहत नाही. ती वर्षभर आधी दुरुस्त करून घ्यावी.

तसेच पैसे घेऊन जागा मिळवून देतो, असे सांगणारे दलाल गावोगाव फिरतात. त्यांच्या शब्दावर कोणी शेत गहाण टाकू नये. शाळेस भारतीय परिचर्या परिषदेची व महाराष्ट्राच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे की नाही, हे आधी पाहावे. मान्यता नसलेल्या शाळेचा दाखला घेऊन नोंदणीकृत परिचारिका होता येत नाही, आणि गेलेला पैसा व गेलेली वर्षे परत येत नाहीत. दृष्टान्तातील अर्धवट राहिलेला बुरूज तो हाच.

येथे आम्हां पाळकांसही एक शब्द. वेल्लोरसारख्या मिशनच्या महाविद्यालयांत मंडळ्यांच्या शिफारशीने काही जागा भरल्या जातात, आणि शिकून झाल्यावर ठरावीक काळ सेवा करण्याचा करार असतो. इडा स्कडर बाईंनी तेथे १९०९ मध्ये परिचारिकांची शाळा काढली, आणि १९४६ मध्ये पदवीचे शिक्षण सुरू झाले. अशा संस्थांचा विश्वास पिढ्यांच्या कष्टाने उभा राहिलेला असतो. जिला आम्ही ओळखत नाही, तिच्यासाठी भिडेखातर खोटी शिफारस लिहिणे म्हणजे त्या विश्वासाची एक वीट काढून घेणे होय. आणि करार मोडण्याचा बेत मनात ठेवून सही करणाऱ्या मुलीने आपल्या सेवेचा पायाच असत्यावर घातला, असे होईल.

तिसरी गोष्ट, चढाओढीची. जागा थोड्या व अर्ज पुष्कळ. एकाच मंडळीतील दोन मुली एकाच जागेसाठी अर्ज करतात, आणि दोघींच्या माता प्रार्थनेची विनंती करतात. मग आम्ही कोणासाठी प्रार्थना करावी? एकीस मिळो व दुसरीस न मिळो, अशी प्रार्थना आमच्याने होत नाही. आम्ही मागतो ते हे, की दोघींची तयारी खरी व्हावी, आणि खाटेवर पडलेल्या रोग्यास योग्य परिचारिका मिळावी. परीक्षा शेजारणीशी नाही. मोजमाप रोग्याच्या गरजेचे आहे. दहा कुमारींच्या दृष्टान्तात तेल वाटून देता आले नाही, कारण तयारी ज्याची त्यानेच करावयाची असते. परंतु पुस्तके, टिपणे आणि न समजलेला धडा हे वाटून घेण्यास काही हरकत नाही. जी आज मैत्रिणीपासून वही लपविते, ती उद्या रात्रपाळीत सोबतिणीच्या साहाय्यास कशी धावेल?

ज्यांची निवड होणार नाही, त्यांनी हा देवाचा नकार समजू नये. तीन वर्षांचा जी. एन. एम. अभ्यासक्रम आहे; तो पुरा करून नोंदणी झाल्यावर पुढे दोन वर्षांत पदवीही घेता येते. पुढील वर्षी पुन्हा परीक्षा देता येते. हसू होते ते हिशेब न करता बांधणाऱ्याचे. पुन्हा खाली बसून हिशेब करणाऱ्याचे नव्हे.

शेवटी घरच्या माणसांस विनंती. मुलगी पुस्तक घेऊन बसली, की तिला भाकऱ्या थापावयास उठवावयाचे, आणि भाऊ मात्र पारावर बसलेला चालावयाचा, ही रीत ख्रिस्ती घरास शोभत नाही. परीक्षेपूर्वीचे चार महिने तिचे पाणी भावाने भरावे. आणि रात्रपाळीवरून मुलींविषयी कुजबुजणाऱ्यांस आम्ही एवढेच विचारतो, की मध्यरात्री तुमच्या मातेचा श्वास अडला, तर तुम्ही कोणास हाक मारणार? त्या वेळी जी धावत येते, तिच्या येण्याजाण्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपणांस नाही. मंडळीने वाटल्यास फंडातून एखादीच्या अर्जाचे शुल्क भरावे, एखादीस जुनी पुस्तके द्यावीत. तेही तेलच होय.

ज्याने रोग्यांवर हात ठेविले, तो प्रभू आमच्या मुलामुलींच्या हातांस कौशल्य, मनास सत्य आणि तयारीच्या लांब दिवसांत धीर देवो. आमेन.