लहान संकल्प आणि मनाचे स्वास्थ्य

मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज, वृद्ध माता-पित्यांची शुश्रूषा, स्वतःची ढासळती प्रकृती अशी अनेक ओझी एकाच वेळी डोळ्यांपुढे उभी राहिली, म्हणजे आरंभ कोठून करावा हेच गृहस्थाला सुचेनासे होते. आरंभ होत नाही म्हणून काम साचते. काम साचले म्हणजे आपल्या हातून काही होणार नाही ही भावना दृढ होते, आणि त्या भावनेमुळे आरंभ आणखीच दुरावतो. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे गांडीव गळाले, तेव्हा त्याच्या बाहूंतील बळ काही संपले नव्हते. मन खचले होते.

अशा वेळी एक साधा उपाय सांगितला जातो. आज पुरे होईल एवढे लहानसे ध्येय ठरवावे आणि ते पुरे करावे. परंतु गीतेच्या अभ्यासकाला येथे शंका येते. फलाची आसक्ती धरू नये, अशी भगवंतांची आज्ञा आहे. सहाव्या अध्यायात सर्व संकल्प टाकलेल्यालाच योगारूढ म्हटले आहे. सोळाव्या अध्यायात तर आज काय मिळाले व उद्या काय मिळेल याची मोजदाद करीत राहणे हे आसुरी वृत्तीचे लक्षण मानले आहे. मग रोज ध्येय ठरवून त्याच्या सिद्धीत समाधान मानणे, हा त्यातलाच प्रकार नव्हे काय?

शंका रास्त आहे. तिचे समाधान एका उदाहरणाने सुलभ होईल. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांच्या प्रयत्नांतून 'जयपूर फूट' हे कृत्रिम पाऊल सिद्ध झाले. तोपर्यंतची परदेशी धर्तीची पावले बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांच्या सोयीची होती. मांडी घालणे, उकिडवे बसणे, शेताच्या चिखलातून अनवाणी चालणे त्यांनी साधत नसे. या रबरी पावलाने ते साधू लागले. पुढे १९७५ मध्ये श्री. देवेंद्रराज मेहता यांनी जयपुरातच भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हे पाऊल असंख्य गोरगरिबांना विनामूल्य मिळू लागले.

पाय गमावलेल्या मनुष्याला एकच प्रश्न छळत असतो की, माझे आयुष्य पूर्ववत केव्हा होईल? याचे उत्तर कोणापाशीच नसते. पण चालावयास शिकविणारा त्याच्यापुढे तो प्रश्न ठेवीतच नाही. प्रथम तोल सांभाळून उभे राहावयाचे. मग दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून चार पावले टाकावयाची. मग आधार सोडावयाचा. मग जमिनीवर बसून उठावयाचे. नृत्यांगना सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर कापावा लागला. जयपूर फूट लावून १९८४ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. लोकांनी ते नृत्य पाहिले. त्याच्या मागे असली पहिली चार पावले होती.

या उदाहरणात शंकेचे उत्तर आहे. ध्येय जितके मोठे व दूरचे, तितके ते इतरांवर, काळावर आणि दैवावर अवलंबून राहते. त्यालाच फल म्हणावे, आणि चिंता त्याचीच असते. चार पावले टाकण्याचे ध्येय मात्र इतके जवळचे आहे की, त्यात व कर्मात जवळजवळ अंतरच उरत नाही. ते साधल्याचे समाधान हे काही मिळविल्याचे नसून कर्तव्य घडल्याचे असते. मनाला हळूहळू, धीराने स्थिर करावे, असे सहाव्याच अध्यायात सांगितले आहे. दुसऱ्या अध्यायातील चाळिसाव्या श्लोकात तर या मार्गावरील अल्प प्रयत्नही वाया जात नाही, असे आश्वासन आहे.

आधुनिक मानसशास्त्राचाही अनुभव असाच आहे. अमेरिकेतील अल्बर्ट बँडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये गणितात मागे पडलेल्या व त्याचा कंटाळा असलेल्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना प्रत्येक वेळेपुरते लहान ध्येय दिले, त्यांची प्रगती, आत्मविश्वास आणि गोडी वाढली. केवळ दूरचे ध्येय दिल्याने तसा लाभ झाला नाही.

म्हणून गृहस्थाने 'कर्ज फेडीन' असे घोकण्याऐवजी 'आज कर्जाचे सर्व कागद एका जागी लावीन' असे ठरवावे. 'प्रकृती सुधारीन' याऐवजी 'आज देवळापर्यंत चालत जाईन' असे म्हणावे. स्वाध्यायाचेही तसेच. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात गीतेवर प्रवचने दिली, ती दर रविवारी एक अध्याय या क्रमाने. अठरा रविवारांत अठरा अध्याय पूर्ण झाले.

येथे दोन गोष्टींचे भान ठेवावे. ठरविलेले एखादे दिवशी घडले नाही, तर स्वतःला दूषणे देऊ नयेत; संकल्प आणखी लहान करावा. आणि झोप व अन्न तुटले, उदासी आठवडे हटेना, जीव नकोसा वाटू लागला, तर विनाविलंब वैद्यकीय उपचार घ्यावेत. औषधाबरोबर पथ्य असते, तसे तेथे लहान संकल्पाचे स्थान आहे.

रात्री निजताना आजचे जे घडले ते भगवंताच्या चरणी अर्पण करावे आणि उद्याचे एकच काम मनाशी ठरवावे. उरलेला भार त्याचा आहे.