निनावी थेंबाचे ऋण

देणाऱ्याचे नाव कोणाला कळू न देता केलेल्या दानाला गुप्तदान म्हणतात आणि ते श्रेष्ठ मानले जाते; परंतु आपण नेमके काय दिले हे खुद्द देणाऱ्यालाही कधी कळणार नसेल, तर त्याला दान म्हणावे की नाही, हा प्रश्न धर्मचर्चेत सहसा निघत नाही. मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या कामातून मात्र तो निघाला. भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्यातून 1956 साली उभ्या राहिलेल्या या संस्थेने 2005-06 मध्ये तिसरे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण केले आणि त्यात प्रथमच एचआयव्हीची चाचणी समाविष्ट झाली. त्यासाठी अमेरिका आणि ब्रिटनच्या शासकीय मदतसंस्था, गेट्स फाउंडेशन व संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था यांचे साहाय्य होते, तर पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने तांत्रिक बाजूस हातभार लावला.

चाचणीची पद्धत साधी होती. घरी आलेली कार्यकर्ती संमती विचारी, बोटाला सुई टोचून निघालेले रक्त गाळणकागदावर छापलेल्या वर्तुळांत उतरवून घेई, कागद रात्रभर वाळू देई आणि त्यावर नावाऐवजी बारकोडची पट्टी चिकटवी. निकाल कोणाचा हे कोणालाही, अगदी रक्त देणाऱ्यालाही, कळणार नव्हते. ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने शासकीय केंद्रात जाऊन समुपदेशनासह, म्हणजे चाचणीआधी व नंतर प्रशिक्षित व्यक्तीशी होणाऱ्या बोलण्यासह, वेगळी तपासणी करून घ्यावी, अशी व्यवस्था होती.

एक लाखाहून अधिक लोकांच्या या थेंबांनी देशाचे चित्र पालटले. त्यापूर्वीचे अंदाज मुख्यतः शासकीय रुग्णालयांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या नमुन्यांवर बेतलेले असत. 15 ते 49 वयोगटातील प्रमाण 0.28 टक्के निघाल्यावर आणि देखरेख केंद्रांच्या वाढलेल्या जाळ्याची आकडेवारी त्याला जोडल्यावर, 2007 साली देशातील बाधितांचा अंदाज सुमारे 57 लाखांवरून 25 लाखांच्या आसपास आला. महाराष्ट्राचे प्रमाण 0.62 टक्के निघाले. नागालँडमध्ये स्थानिक विरोधामुळे ही चाचणी झालीच नाही, आणि त्या नकाराकडे अडाणीपणा म्हणून पाहणे घाईचे ठरेल, कारण नकार देता येतो तेथेच संमतीला अर्थ असतो.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे तत्त्वज्ञ कांटचे तत्त्व येथे उघडच आडवे येते. कागदावरच्या एखाद्या वर्तुळात रोगाची खूण सापडते, प्रयोगशाळेला ती दिसते, आणि ज्याच्या शरीरातून ती आली तो मात्र आपल्या घरी अनभिज्ञ राहतो. याला उत्तर असे देता येते, की त्या काळी नाव उघड होणे म्हणजे नोकरी, घर आणि कधी कधी अंत्यविधीसाठी खांदा देणारी माणसेही गमावणे होते. शिवाय विषाणूची वाढ रोखणारी मोफत औषधे देशात एप्रिल 2004 मध्येच, तीही मोजक्या रुग्णालयांत, सुरू झाली होती. गुप्तता हेच तेव्हा संरक्षण होते. 2017 च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानेही व्यक्तीची स्थिती ठरवणे हा हेतू नसलेल्या निनावी देखरेख-चाचण्यांना माहितीपूर्ण संमतीच्या अटीतून वगळले. उद्देश सांगण्याचे बंधन मात्र ठेवले.

याच देवनारमधील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने नंतर जिनिव्हास्थित ग्लोबल फंडाच्या साहाय्याने 'सक्षम' या प्रकल्पातून देशभरच्या एचआयव्ही समुपदेशकांना प्रशिक्षण दिले. एकाच परिसरातील एका संस्थेने माणसे नावाविना मोजली, आणि दुसरीने समोर बसलेल्या एकेका माणसाशी कसे बोलावे हे शिकवले. पहिलीचे ऋण दुसरीच्या कामातूनच फिटण्याजोगे होते.

गुप्तता हेच संरक्षण, या उत्तराची मुदत मात्र संपते. 2017 पासून निदान होताच प्रत्येकाला औषध देण्याचे धोरण भारतात लागू आहे, आणि झिम्बाब्वे, मलावी व झांबिया येथील 2015-16 च्या घरोघरीच्या सर्वेक्षणांत समुपदेशनासह निकाल तिथल्या तिथे सांगितलाही गेला. तेव्हा 2005 साली समर्थनीय असलेले मौन आज तसे राहिलेले नाही. यापुढे असा थेंब मागायचा असेल, तर आपला निकाल हवा की नको, हे देणाऱ्याला आधी विचारले पाहिजे.