‘मी’ आणि ‘आम्ही’

चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती. ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या मास्टर्सचा खर्च ती उचलते. त्यासाठी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. अर्जात आणि मुलाखतीत प्रश्न साधारण चार गोष्टींभोवती फिरतात: नेतृत्व कधी केलंत, माणसं कशी जोडता, हाच अभ्यासक्रम का, आणि पुढे काय करणार. चार वर्षं इंजिनिअरिंग आणि पाच वर्षं नोकरी करून मला यातला एकही प्रश्न कुणी मनापासून विचारलेला नव्हता. सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखवा म्हणतात. ती उलटी होते किंवा होत नाही. इथे सोडवायला दिलेली वस्तू म्हणजे तुम्ही स्वतः. आणि तिचं उत्तर तपासायला कुणाकडेच टेस्ट केसेस नाहीत.

गेले दोन महिने मी या मुलाखतीची तयारी करतोय, आणि त्यातून एक प्रश्न सुटता सुटत नाहीये. स्वतःबद्दल बोलायची तयारी करणं आणि स्वतःबद्दल खोटं बोलणं, यांच्यामधली रेघ नेमकी कुठे असते?

तयारीची रूढ पद्धत ‘स्टार’ नावाची आहे. प्रसंग सांगा, तुमची जबाबदारी सांगा, तुम्ही काय केलंत ते सांगा, निष्पन्न सांगा. माझी मावसबहीण अशाच एका शिष्यवृत्तीवर शिकून आली आहे. ती माझी सराव मुलाखत घेते. पहिल्याच दिवशी तिनं मला थांबवलं. “अरे, तू किती वेळा ‘आम्ही’ म्हणतोयस! त्यांना तुझी टीम निवडायची नाहीये, तुला निवडायचंय.” तिचं बरोबर होतं. मी म्हटलं, “ताई, पण ते काम आम्हीच केलं होतं.” त्यावर ती म्हणाली, “मग तुझं जेवढं होतं तेवढं सांग. पण ‘मी’ म्हणून सांग.”

प्रसंग साधा होता. आमच्या एका प्रणालीत काही व्यवहार दोनदा नोंदले जात होते. ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती टेस्टिंग करणाऱ्या सहकारिणीच्या. रिलीज दोन दिवसांवर होतं, आणि तिच्या तिकिटाकडे कुणी फारसं लक्ष देत नव्हतं. मी तिच्याबरोबर बसलो, दोष कुठे आहे ते शोधलं, आणि रिलीज थांबवायला वरिष्ठांना राजी केलं. ‘स्टार’च्या साच्यात घातल्यावर या गोष्टीचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. ‘प्रसंग’ म्हणजे दोष, ‘कृती’ म्हणजे मी, ‘निष्पन्न’ म्हणजे वाचलेले पैसे. एकही वाक्य खोटं नाही. फक्त ती सहकारीण कुठेच नाही.

अशा वेळी पहिला मोह होतो तो तयारीच सोडून देण्याचा. आत जाऊन सुचेल ते बोलावं, तेच प्रामाणिक, असं वाटतं. मला हे पटत नाही. मुलाखतीत ‘सहज’ बोलणारी माणसं बिनतयारीची नसतात. त्यांची तयारी जेवणाच्या टेबलावर, शाळेच्या वादविवाद स्पर्धेत, इंग्रजी बोलणाऱ्या आजोबांबरोबर वीस वर्षं झालेली असते. ज्याच्या घरात ‘स्वतःबद्दल फार बोलू नये’ हाच संस्कार झाला, त्यानं दोन महिने आरशासमोर बोलून पाहिलं तर ते ढोंग कसं? उत्स्फूर्तता हीसुद्धा कुणाच्या तरी खर्चानं मिळालेली गोष्ट आहे.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. आयुष्याची गोष्ट करणं हेच मुळात खोटं नाही का? अलस्डेअर मॅकिंटायर या तत्त्वज्ञानं 1981 सालच्या ‘आफ्टर व्हर्च्यू’मध्ये असं मांडलं, की माणसाच्या कृतीला अर्थ येतो तो ती एका चालू गोष्टीचा भाग असल्यामुळे. गेलन स्ट्रॉसननं 2004 साली याला थेट विरोध केला: सगळी माणसं स्वतःकडे गोष्ट म्हणून पाहत नाहीत, आणि चांगलं जगायला तसं पाहण्याची गरजही नाही. मी स्वभावानं स्ट्रॉसनच्या बाजूचा. मी कंप्युटर घेतला, कारण तेवढ्या मार्कांना तेच मिळत होतं. पण समोरचं पॅनेल मॅकिंटायरच्या बाजूचं असणार, हे उघड आहे.

यावर मला माझ्याच कामातला एक नियम उपयोगी पडतो. गिटमध्ये आम्ही आपल्या कमिट्सचा इतिहास नीटनेटका करू शकतो. चाचपडत केलेल्या सतरा कमिट्स एकत्र करून एक सुबक कमिट केली, तर त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. वाचणाऱ्याची ती सोय असते. पण एक शिस्त सगळे पाळतात. जो इतिहास इतरांबरोबर वाटून झालाय, ज्यावर दुसऱ्यांनी आपलं काम उभं केलंय, तो परस्पर बदलायचा नाही. आणि काम दोघांनी केलं असेल, तर कमिटच्या संदेशात दुसऱ्याचं नाव लिहायची सोय आहे. माझ्या गोंधळाची, योगायोगांची मी सरळ रेघ केली, तर तो माझा अधिकार. सहकारिणीचा शोध मात्र माझा एकट्याचा इतिहास नाही. तो मला गाळता येणार नाही. ‘तिनं दोष शोधला, मी तिचं म्हणणं लावून धरलं,’ या वाक्यात ‘मी’ आहेच. नेतृत्व म्हणतात ते कदाचित एवढंच असेल.

उरतो परत येण्याचा प्रश्न. तो मला दोघंजण विचारतात, पॅनेल आणि आई. पॅनेल विचारेल, “परतल्यावर काय करणार?” आई विचारते, “परत येशील ना रे?” पॅनेलला दोन वर्षं पुरतात. आईला पुरणार नाहीत. आज मनापासून ‘हो’ म्हणणारा मी उद्या तसाच राहीन, याची खात्री मला कशी देता येईल? पण वचन म्हणजे भाकीत नव्हे. भाकीत चुकतं, वचन मोडतं. भविष्य माहीत नसतं म्हणूनच तर वचन द्यावं लागतं.

आणि वचनाला दोन बाजू असतात. 1913 साली डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा लंडनमधलं शिक्षण अर्धं टाकून ते शब्द पाळायला बडोद्याला आले. त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी उतारगृहात जात लपवून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं, आणि काही दिवसांतच त्यांना मुंबईला परतावं लागलं. दहा वर्षांचा करार कुणी मोडला? परतलेल्या माणसानं नक्कीच नाही. ‘हुशार मुलं परत येत नाहीत’ अशी तक्रार करताना, आलेल्यांना आपण कुठे उतरवून घेतलं हेही विचारायला हवं. माझी अडचण त्यांच्या अडचणीच्या पासंगालाही पुरणार नाही, म्हणून तिचा आडोसा मला घेता येत नाही.

1892 साली सुरू झालेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. पैसे फेडले की हिशेब मिटतो. ज्या शिष्यवृत्तीत पैसे फेडायचे नसतात तिचा हिशेब असा मिटत नाही. तिथे माणसालाच तारण ठेवलेलं असतं. म्हणून ‘परतल्यावर काय करणार?’ याला मी देश बदलण्याचं उत्तर देणार नाही. सार्वजनिक सेवांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करायचंय, दोन वर्षं इथे नक्की असेन, पुढेही इथेच राहायचा हेतू आहे, एवढं सांगेन. ऐकायला हे फिकं वाटेल, याची ताईलाही धास्ती आहे. पण मुलाखत अर्ध्या-पाऊण तासात संपते. तिथे बोललेलं वाक्य नंतर मलाच जगायचंय, आणि मला जगता येईल त्यापेक्षा मोठं वाक्य मी तिथे बोलू नये.