ओढाळाची राखण : मेंदूतील रसायने आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

एखाद्याने दुसऱ्यावर हात उगारला आणि 'का मारलेस?' या प्रश्नाला 'राग आला म्हणून' असे उत्तर दिले, तर मराठीत त्या उत्तराला आपण 'कारण' म्हणतो. उतारावरचा दगड का गडगडला, याच्या उत्तरालाही आपण 'कारण'च म्हणतो. कृतीमागील हेतू आणि घटनेमागील पूर्वघटना या दोहोंसाठी एकच शब्द वापरण्याची ही सवय व्यवहारात फारशी अडत नाही. चेताविज्ञान वर्तनाची कारणे सांगू लागल्यापासून मात्र तिच्यामुळे एक वैचारिक घोटाळा निर्माण झाला आहे. वर्तनाचे कारण मेंदूतील रसायनांत सापडले, की त्या वर्तनाचा जाब माणसाकडे मागण्याचा आधारच नाहीसा होतो, असे अनुमान सहजपणे काढले जाते. या अनुमानाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वैज्ञानिक बाजू. बहुतेक चेतापेशी परस्परांना जोडलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीतील विद्युत्-स्पंद तिच्या टोकाशी पोचला, की तेथून विशिष्ट रसायन फटीत सुटते आणि पलीकडच्या पेशीवरील ग्राहकांशी जोडले जाऊन तिला उद्दीपित अथवा शमित करते. डोपामिन आणि सेरोटोनिन ही अशीच रसायने. वर्तनाशी असलेला त्यांचा संबंध उलगडत गेला, त्या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग भारतीय वैद्यकात उन्मादावर पूर्वापार होत असे. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या परिणामाविषयीचा निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ साली तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. मनोविकारांवर ते दिले जाऊ लागले. त्याने काही रुग्णांना खिन्नता येते, अशीही निरीक्षणे नोंदली गेली. स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली असे दाखवले, की रेसरपीनमुळे निश्चल झालेले ससे डोपामिनचे पूर्वद्रव्य असलेले एल-डोपा टोचल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात. पार्किन्सनच्या कंपवातावरील उपचाराची वाट या संशोधनातून खुली झाली आणि कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या इतिहासातून निघालेले सर्वच निष्कर्ष सारखे भक्कम नाहीत. 'खिन्नता म्हणजे सेरोटोनिनची उणीव' हे समीकरण लोकप्रिय झाले. परंतु जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली घेतलेल्या आढाव्यात त्याला सुसंगत पुरावा आढळला नाही. रसायनवादी भूमिकेचे खंडन अशा दुबळ्या उदाहरणावर उभारणे सोपे आहे. ते न्याय्य मात्र नाही. तिचे सर्वांत बळकट उदाहरण घ्यावयास हवे, आणि ते पार्किन्सनच्या उपचारातच सापडते. डोपामिनच्या ग्राहकांना उद्दीपित करणारी काही औषधे घेणाऱ्या रुग्णांपैकी काहींना, पूर्वी कधी पत्त्यांना हात न लावलेल्या माणसांनाही, जुगाराचा अनावर नाद लागतो. औषध कमी केले अथवा थांबवले, की तो बहुधा ओसरतो. येथे कारण निःसंदिग्ध आहे. मग हरलेल्या पैशांचे, मोडलेल्या संसाराचे उत्तर कोणी द्यायचे?

उत्तराची दिशा मराठी वाक्यरचनेत आहे, असे मला वाटते. 'मला राग आला' या वाक्यात कर्ता 'राग' आहे. 'मी' चतुर्थीत, म्हणजे ज्याच्याकडे काही येते त्या जागी उभा आहे. भूक लागते, झोप येते, आठवण होते, मोह पडतो; या सर्व ठिकाणी आपली भाषा 'मी'ला कर्तेपद नाकारते. 'मी मारले' म्हणताना मात्र 'मी' कर्त्याच्या जागी येतो. आतून जे उसळते ते माझ्या आज्ञेने उसळत नाही, हे मराठी भाषकाला सांगण्यासाठी चेताविज्ञानाची आवश्यकता नव्हती. उसळण्याचे कर्तृत्व नाकारूनही कृतीचे कर्तृत्व त्याने स्वतःकडे ठेवले.

खानदेशात जळगावपासून यावल-रावेरपर्यंत बोलल्या जाणाऱ्या लेवा गणबोलीत रचना करणाऱ्या बहिणाबाई चौधरींनी मनाला पिकात शिरणाऱ्या ओढाळ जनावराची उपमा दिली आहे. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील या कवितेचे विवेचन मनाच्या चंचलतेपाशी थांबते. उपमानामागचा कृषिव्यवहार ध्यानात घेतला, तर तिच्यात एक नैतिक आशयही दिसू लागतो. ढोराची भूक मालकाने निर्माण केलेली नसते. पिकाकडे जाण्याची ओढही त्याने शिकवलेली नसते. तरीही जनावर दुसऱ्याच्या रानात शिरले, तर ते कोंडवाड्यात जाते आणि दंड मालकाला भरावा लागतो. ब्रिटिश राजवटीने १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला, तोही याच न्यायाने. 'भूक ढोराची होती' हे विधान सत्य असते. त्याने दंड माफ होत नाही. येथे उत्तरदायित्वाचा आधार राखणीत आहे. ओढीचा उगम कोठे, या प्रश्नाचे उत्तर काहीही आले, तरी तो आधार ढळत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. राखणदारही मेंदूतच असेल, त्याचा विवेकही चेतापेशींचेच कार्य असेल, तर ढोर आणि राखणदार हा भेद कोठे उरला? राखणदार हे मेंदूपलीकडचे वेगळे द्रव्य आहे, असा दावा येथे अभिप्रेत नाही. 'मी' हे वाक्यातील एक स्थान आहे आणि वाक्य कोणाला तरी उद्देशून असते. 'का केलेस?' असे विचारले जाण्यातून आणि त्याचे उत्तर द्यावे लागण्यातून लहानपणापासून हे स्थान घडत जाते. ते घडताना मेंदूतही बदल होत असणार. परंतु त्या बदलांचे वर्णन म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. जाब विचारणे ही स्वतःच राखणदार घडवणारी क्रिया आहे. 'सारे रसायनच' म्हणून आपण ती सोडून दिली, तर उरेल तो राखणदारही नाहीसा होईल.

मात्र दावे तुटलेल्या जनावराच्या मालकाला आणि ते मोकळे सोडणाऱ्याला एकच न्याय लावता येत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ ने, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ ने, मनोविकारामुळे कृतीचे स्वरूप अथवा तिची अयोग्यता जाणण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीला गुन्ह्यातून वगळले आहे. कायद्याची कसोटी जाणण्याची आहे. जुगाराचा नाद लागलेला आपला रुग्ण तर सर्व जाणतो. त्याला आवरता येत नाही. या कसोटीत तो बसत नाही, आणि त्याला सामान्य जुगाऱ्याच्या पंक्तीत बसवणेही क्रूर ठरेल.

राखणीची कल्पना येथे कायद्यापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण राखण एकट्याची नसते. गावाची गुरे गुराखी राखतो, आणि रानात शिरलेले जनावर दिसल्यावर हाकारा घालणे हे वाटेने जाणाऱ्याचेही काम असते. औषधाच्या या परिणामाची पूर्वकल्पना न देणारा वैद्य, पालटलेला स्वभाव पाहूनही त्याला केवळ दुर्वर्तन समजणारे घर, आणि नादाचे मूळ कळल्यानंतरही ते लपवणारा रुग्ण, या प्रत्येकाच्या वाट्याला राखणीचा काही अंश येतो. कारण कळण्यापूर्वी रुग्णाचा अंश थोडा असतो. ते कळल्याच्या क्षणापासून तो वाढतो. रसायनाचे ज्ञान उत्तरदायित्व पुसून टाकते, असे म्हणणाऱ्यांनी हा क्षण पाहिलेला नसतो. त्या दिवशी रुग्ण आपल्या पत्नीजवळ पैशांच्या किल्ल्या देतो आणि वैद्याकडे जाऊन 'माझ्याकडून हे घडते आहे' असे सांगतो, तेव्हा त्याच्या मेंदूतील डोपामिन अद्याप पूर्वीसारखेच असते.