शस्त्र आवरण्याची विद्या

महाभारताच्या सौप्तिकपर्वातील एक प्रसंग आपल्या देवळांतील कीर्तनांत आणि पुराणांत पुष्कळ वेळा सांगितला जातो. युद्ध संपल्यावर अश्वत्थाम्याने रात्री निजलेल्या वीरांचा संहार केला. पांडव त्याच्या मागावर निघाले, आणि कोंडीत सापडताच त्याने ब्रह्मशिर अस्त्र सोडले. त्याच्या प्रतिकारासाठी अर्जुनानेही तेच अस्त्र योजिले. तेव्हा नारद आणि व्यास दोन्ही अस्त्रांच्या मध्ये येऊन उभे राहिले आणि त्यांनी दोघांनाही आपापले अस्त्र परत घेण्यास सांगितले. अर्जुनाने ते परत घेतले. अश्वत्थाम्याला घेता येईना. सोडण्याची विद्या दोघांनाही एकाच गुरूकडून मिळाली होती, आवरण्याची विद्या मात्र एकालाच साधली होती. आणि ती का साधली, हेही व्यासांनी सांगून ठेविले आहे. दीर्घकाळ व्रतस्थ राहून ज्याने मन ताब्यात ठेविले, त्यालाच ते अस्त्र मागे घेता येते. ऐन वेळी इच्छा झाली म्हणून ते जमत नाही.

या कथेची आठवण आम्हांला एका अगदी रुक्ष वाटणाऱ्या विषयामुळे झाली. मोर्चे, निदर्शने आणि दंगे यांना तोंड कसे द्यावे, हे पोलिसांना नोकरीत असतानाच पुन्हा पुन्हा शिकवावे लागते. त्या शिक्षणाला 'उजळणी' हा शब्द लावतात. आपण लहानपणी पाढ्यांची उजळणी करीत असू, तोच हा शब्द. पाढा एकदा पाठ झाला म्हणून तो जन्मभर टिकत नाही, हे त्यात गृहीत आहे. परंतु पाढा चुकला तर हिशेब चुकतो. येथे चूक झाली तर माणूस जातो. म्हणून या विषयात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ पोलीसखात्याचा नाही असे आम्हांस वाटते. भांबावलेल्या क्षणी हातून जे घडते, त्याची जबाबदारी कोणाची, आणि ती त्या क्षणाची की त्याआधीच्या वर्षांची?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. तत्पूर्वी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२९ ते १३२ मध्ये जे होते, ते आता तिच्या कलम १४८ ते १५१ मध्ये आले आहे. त्यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी जमाव बेकायदेशीर असावा लागतो, किंवा पाच वा अधिक माणसांच्या जमावामुळे शांतताभंग होण्याचा संभव असावा लागतो. मग दंडाधिकाऱ्याने अथवा अधिकारी पोलिसाने पांगण्याचा हुकूम द्यावयाचा. तो हुकूम मोडला गेला, किंवा मोडण्याचा निश्चय दिसला, तरच बळाचा प्रश्न उद्भवतो. सैन्याला पाचारण करण्याची वेळ आली, तरीही शक्य तितके कमी बळ वापरावे आणि देहाला व मालमत्तेला शक्य तितकी कमी इजा करावी, असे कायद्याने स्पष्ट बजाविले आहे. बळ ही पहिली पायरी नाही, हा या साऱ्याचा मथितार्थ होय.

तथापि कायद्याचे कलम वाचावयास जेवढा वेळ लागतो, तेवढाही भर चौकात मिळत नाही. दुपारची वेळ, सकाळपासून उभा असलेला शिपाई, डोक्यावर शिरस्त्राण, समोर घोषणा आणि शिव्या, आणि कोठून तरी आलेला पहिला दगड. अशा वेळी माणूस विचार करीत नाही. अंगवळणी पडले असेल तेच करतो. म्हणूनच दंगलीच्या कवायतीत ध्वनिक्षेपकावरून इशारा देणे, फलक दाखविणे, अश्रुधूर, लाठी आणि अगदी अखेरीस बंदूक, अशा पायऱ्या पुन्हा पुन्हा गिरवून घेतात. जमावाला निघून जाण्यासाठी एक वाट मोकळी ठेवावयाची. लोक पळू लागताच हात थांबवावयाचा. गोळी झाडावी लागलीच तर किती झाडल्या त्याचा हिशेब द्यावयाचा. आणि जखमींना, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, उचलून दवाखान्यात पोहोचवावयाचे. यांतील प्रत्येक गोष्ट आवरण्याची आहे. लाठी उगारावयास फारसे शिकावे लागत नाही. उगारलेली लाठी खाली घ्यावयास शिकावे लागते.

हे शिक्षण नसले म्हणजे काय होते, याचे उदाहरण म्हणून जालियनवाला बागेकडे बोट दाखविण्याची रीत आहे. आम्हांस ते उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे वाटते. १३ एप्रिल १९१९ रोजी जनरल डायर याच्या हुकुमाने पन्नास बंदूकधाऱ्यांनी सुमारे दहा मिनिटे गोळीबार केला; १६५० फैरी झाडल्या. इशारा नव्हता, निसटण्यास पुरेशी वाट नव्हती, जखमींची विचारपूस नव्हती. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मेली. लोकांची गणना याहून पुष्कळ मोठी आहे. म्हणजे वर सांगितलेल्या पायऱ्यांपैकी एकही पाळली गेली नाही. परंतु डायरचे सैनिक अशिक्षित नव्हते. हुकूम होताच गोळी झाडण्याचे शिक्षण त्यांना उत्तम मिळालेले होते. आणि खुद्द डायरने हंटर समितीपुढे काय सांगितले? गोळीबार न करताही लोकांना पांगविता आले असते, पण मग ते परत आले असते आणि आपल्याला हसले असते, अशा आशयाची कबुली त्याने दिली. हसण्याची भीती! एवढ्या संहाराच्या मुळाशी एका माणसाचा दुखावू शकणारा मान होता. अधिकाराच्या अंगावरील वस्त्र फार पातळ असते. कोणी हसले तरी ते फाटते. म्हणून ज्या उजळणीत अपमान गिळण्याचा सराव नाही, ती उजळणी अपुरीच होय.

सुदैवाने आजच्या कवायतींत याची काही सोय आहे. पोलिसांतीलच काहीजण साध्या वेषात जमाव बनतात, घोषणा देतात, ढकलतात, टोचून बोलतात. बाकीच्यांनी ते सोसून रांग राखावयाची असते. यात आम्हांला एक गोष्ट फार मोलाची वाटते. जो आज जमाव झाला, त्याने ढालींची भिंत समोरून पाहिली. लाठीच्या टोकाकडून जग कसे दिसते, हे त्याला एकदा तरी कळले. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे द्रुतकृती दल १९९२ मध्ये याच कामासाठी उभे राहिले, आणि मेरठ येथील त्याच्या संस्थेत राज्यांच्या पोलिसांनाही हे शिक्षण मिळते. परंतु गावच्या चौकात प्रथम उभा राहतो तो आपल्या ठाण्याचा शिपाई. जत्रेत पालखीपुढे दोर धरून वाट करून देणारा तो, आणि मोर्चापुढे काठी घेऊन उभा राहणारा तोच. त्याची उजळणी कितीदा होते? पोलिसांवरील खर्चात शिक्षणाचा वाटा देशात सर्वसाधारणपणे शंभर रुपयांत दोन रुपयांच्याही आत असतो, हे पाहिले म्हणजे उत्तर शोधावे लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, की प्रश्न शिक्षणाचा नसून सदसद्विवेकबुद्धीचा आहे. अन्याय्य हुकूम झाला तर शिपायाने तो मोडावा. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात हवालदार चंद्रसिंह गढवाली आणि त्याचे सोबती यांनी नि:शस्त्र लोकांवर गोळी झाडण्यास नकार दिला, आणि त्यासाठी चंद्रसिंहाने दीर्घ कारावास भोगला. त्या नकारापुढे आम्ही नम्र आहोत. पण प्रत्येक चौकात प्रत्येक शिपायाने वीर व्हावे, या आशेवर राज्य चालविणे म्हणजे आपले कर्तव्य दुसऱ्याच्या पुण्याईवर ढकलणे होय. वीरांची गरज पडू नये अशी व्यवस्था लावणे, हे राज्याचे काम. विवेक हा ऐन क्षणी हुकुमाविरुद्ध उभा राहावा लागू नये. तो आधीच हुकुमात, कवायतीत, अंगवळणी पडलेल्या सवयीत मुरलेला असावा. नित्यपूजेचा हेतू याहून वेगळा तो काय? रोज तेच मंत्र, तोच क्रम. संकटाच्या दिवशी मन सैरभैर झाले तरी हात आपोआप योग्य ठिकाणी जावेत, म्हणूनच ना?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संयम एकट्या पोलिसांनीच का पाळावा? दगड तर समोरून येतात. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी चौरीचौरा येथे आधी पोलिसांनी गोळीबार केला हे खरे. पण त्यानंतर जमावाने ठाणे पेटवून वीसहून अधिक पोलिसांना मारिले. तेही कोणाचे पुत्र, कोणाचे पती होते. हा आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी काय केले, यातच त्याचे उत्तर आहे. देशभर पेटलेले असहकाराचे आंदोलन त्यांनी काही दिवसांतच थांबविले. सहकारी संतापले, पुष्कळांना तो पराभव वाटला. परंतु आपण सोडलेले अस्त्र आपल्या हाताबाहेर जात आहे असे दिसताच ते परत घेणे, हीच ती अर्जुनाची विद्या. आंदोलकांनाही उजळणी हवी. तिच्याविना सत्याग्रह हा केवळ जमाव उरतो. तरीही दोहोंची जबाबदारी सारखी नाही. शस्त्र बाळगण्याचा अधिकार समाजाने एकाच पक्षाला दिला आहे, आणि ज्याला अधिकार अधिक, त्याच्यावर व्रतही अधिक.

४ जून २०११ च्या मध्यरात्रीनंतर दिल्लीच्या रामलीला मैदानावर निजलेल्या आंदोलकांवर पोलीस चालून गेले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरिले, आयोजकांकडेही काही दोष दिला, आणि झोप हीदेखील माणसाच्या मूलभूत हक्कांत मोडते असे सांगितले. सौप्तिकपर्व वाचलेल्या समाजाला हे न्यायालयाकडून ऐकावे लागले, याची आम्हांला खंत वाटते.

आमच्या वाचकांना हा विषय परका नाही. बेळगावात दर १७ जानेवारीला १९५६ च्या हुतात्म्यांचे स्मरण होते. गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीच्या स्मारकापाशी थांबणाऱ्याला १५ ऑगस्ट १९५५ आठवतो. त्या दिवशी नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. हुतात्म्यांना आपण फुले वाहतो, आणि गोळी झाडणाऱ्याचा धिक्कार करून घरी परततो. धिक्कार योग्यच आहे. पण पोर्तुगीज गेले, इंग्रज गेले. आज जो शिपाई उभा आहे तो आपला आहे, आपल्या कराच्या पैशांतून पोसलेला आणि आपल्या नावाने काठी धरणारा. त्याला आवरण्याची विद्या शिकविली गेली नसेल, तर त्या उणिवेत आपलाही वाटा आहे.

तेव्हा पुढे कधी कोठे लाठी चालली, गोळी झाडली गेली, तर हुकूम कोणी दिला हे आपण अवश्य विचारावे. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: या माणसांची शेवटची उजळणी केव्हा झाली होती? आणि तो प्रश्न गोळीबारानंतर नव्हे, तर शांततेच्या दिवसांत, ज्यांच्या हाती खर्चाच्या किल्ल्या आहेत त्यांना विचारावा. अश्वत्थाम्याला अस्त्र आवरता येत नव्हते हे सर्वांना कळले, तेव्हा ते सुटून गेले होते. आणि शेवटी त्याचा आघात कोणावर झाला? उत्तरेच्या उदरातील, अजून न जन्मलेल्या बालकावर.