ज्ञानाला कुलूप असावे काय?

मागच्या कार्तिकात मोर्शीकडच्या एका गावी सप्ताहाला गेलो होतो. आता कीर्तनाला उभे राहवत नाही. सकाळी पारायणाला व्यासपीठाजवळ बसावे, दुपारी लिंबाखाली जो येईल त्याच्याशी चार गोष्टी बोलाव्या, एवढीच सेवा उरली आहे. तिथून रिद्धपूर जवळ. पारायणाची काही मंडळी एक दिवस गोविंदप्रभूंच्या दर्शनाला निघाली आणि त्यांनी मलाही गाडीत घेतले. तिथल्या एका वृद्ध महंतांनी आमचे प्रेमाने स्वागत केले, पंथाचा इतिहास सांगितला, आणि एके काळी पोथ्या कशा सांकेतिक लिपीत लिहीत असत तेही सांगितले.

परतताना आमच्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारले, "महाराज, ज्ञान देवाचंच हाय नं? मंग थे कुलपात कायले ठेवलं?"

मी त्याला तेव्हा काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर मलाच पटले नाही. म्हणून हा लेख.

आधी हकीकत नीट पाहू. श्रीचक्रधरस्वामी तेराव्या शतकातले. मूळचे गुजरातेतले, भडोचचे. आपल्या वऱ्हाडात रिद्धपूरला त्यांना गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ भेटले आणि तेच त्यांचे गुरू झाले. स्वामींनी स्त्रियांना आणि सर्व वर्णांच्या माणसांना संन्यासाचा अधिकार दिला. त्यांच्या मागे म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्याने जे पाहिले ऐकले ते त्याच्याकडून विचारून घेऊन, १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. महदाइसेचे धवळे त्याच मंडळीतले. पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली तेव्हा केशिराजबासांसारख्या पंडिताला संस्कृतात लिहायचे होते. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. आमच्या साध्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही, त्या वंचित होतील, असा त्यांचा आशय होता. ही गोष्ट मी कीर्तनात कैक वेळा सांगितली आहे आणि सांगताना माझा कंठ दाटून आला आहे.

पण पुढे काय झाले? ज्या पंथाने म्हाताऱ्या बायांसाठी संस्कृत बाजूला ठेवले, त्याच पंथाने त्या मराठी पोथ्या सकळ लिपीत, सुंदरी लिपीत आणि आणखी कितीतरी लिप्यांत लिहून ठेवल्या. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा खूण घालायची आणि त्याची किल्ली दीक्षितांपाशी ठेवायची. भाषा सर्वांची, अक्षर मात्र मोजक्यांचे. शतकानुशतके या पोथ्या मठांत राहिल्या. पंथ पंजाबात गेला, तिथे त्याला जयकृष्णी म्हणू लागले. थेट पेशावरापर्यंत मराठी पोथ्या पोचल्या, पण शेजारच्या घरातल्या मराठी माणसाला त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली. मग आपल्या यवतमाळचे य. खु. देशपांडे, बुलढाणा जिल्ह्यातले वि. भि. कोलते अशा अभ्यासकांनी, आणि पंथातल्याच उदार महंतांनी, ते दालन उघडले. आज रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ आहे.

आता कोणी म्हणेल, बुवा, दुसऱ्याच्या घरची झडती कशाला? झडती नाही. त्यांचे कृष्ण ते आपले कृष्ण. आणि एक खरे सांगतो, आपल्या फडांवर महानुभावांविषयी जे अडाणी बोलणे पूर्वी चाले, त्याला बरेचसे कारण हेच कुलूप होते. पोथी वाचता येत नाही म्हटल्यावर माणूस आपल्या मनाचेच आत लिहितो. झाकलेल्या गोष्टीची निंदा फार लवकर पिकते.

पण कुलूप लावणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. परंपरा सांगते की परचक्राच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली आणि शिष्यांनी ते आठवून आठवून पुन्हा लिहिले. ज्याच्या आठवणीत जसे होते तसे उतरले, म्हणून निरनिराळे पाठ झाले. गुरूच्या तोंडचा शब्द ज्यांना प्राणापेक्षा मोठा, त्यांना पाठ बिघडण्याची केवढी धास्ती बसली असेल! शिवाय वेगळा आचार पाळणाऱ्या पंथाला समाजाचा रोषही सोसावा लागला. अशा वेळी पोथी झाकणे हे कंजुषपण म्हणता येत नाही. आणि त्या झाकण्याचा उपकारही आहे. बाहेरच्या हाताला लागली नाही म्हणून यादवकाळची मराठी त्या पोथ्यांत टिकली.

हीच धास्ती आपल्याकडेही होती. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. पुढे तिन्ही त्रिकाळ लोक उतरून घेऊ लागले, त्यात चुका शिरल्या, कोणी आपल्या ओव्याही घुसडल्या. तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, नाथमहाराजांनी प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत केली. यात कोणी आपली ओवी घालू नये अशी कडक ताकीदही दिली. दुखणे एकच होते, औषधे दोन. एकांनी पोथी झाकून शुद्ध राखली. दुसऱ्यांनी पोथी सर्वांच्या हाती राहू दिली आणि चुका निवडण्याचे कष्ट पत्करले. दुसरा मार्ग अवघड आहे. उघड्या विहिरीत पाला पडणारच, तिचा गाळ वेळोवेळी उपसावा लागतो. पण पाणी गावाला मिळते.

आणि आपण वारकरी सुरुवातीपासून उघड्यावरच होतो, असेही कोणी समजू नये. माउलींची परंपरा नाथांची. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती असा तो प्रवाह. नाथांची विद्या एका कानातून दुसऱ्या कानात जाणारी, एकांताची. सहाव्या अध्यायात माउलींनी कुंडलिनीचे जे वर्णन केले आहे ते त्याच घरातले गुह्य. मग ते भर सभेत, मराठीत कसे आले? माउली अठराव्या अध्यायाच्या शेवटी स्वतःच सांगतात की कलीने ग्रासलेल्या जीवांची पीडा पाहून गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना ते देण्याची आज्ञा केली. गुरूच्याच आज्ञेने कुलूप निघाले, आणि निघण्याचे कारण एकच होते: लोकांचे दुःख.

इथे शास्त्र जाणणारा श्रोता विचारील, गीतेत भगवंतांनी हे ज्ञान तप नसलेल्याला, भक्ती नसलेल्याला, ऐकायची इच्छा नसलेल्याला सांगू नये असे म्हटले आहे, त्याचे काय? म्हटले आहे खरे. पण पुढचाच श्लोक पाहा. जो हे गुह्य माझ्या भक्तांत सांगेल तो मलाच येऊन मिळेल, असा त्याचा भाव आहे. एका श्लोकात आवर आहे, दुसऱ्यात वाटप आहे. आणि ही सगळी गीता संजयाने सांगितली कोणाला? धृतराष्ट्राला. पुत्रमोहाने आंधळ्या झालेल्या त्या राजापाशी ना तप होते ना भक्ती. पहिल्या श्लोकाची कसोटी लावली असती तर तो बाहेरच बसला असता. तरी व्यासांच्या कृपेने संजयाला जे ऐकू आले ते त्याने शेवटपर्यंत त्याला ऐकवले. राजाने घेतले नाही, हा दोष राजाचा. सांगणाऱ्याने अधिकार तपासण्याच्या निमित्ताने तोंड मिटले नाही.

मला वाटते, अधिकार हा शब्द आपण उलटा वापरतो. अधिकार म्हणजे ऐकणाऱ्याची पचवण्याची ताकद. आई तान्ह्याला भाकर देत नाही, दूध देते, पण त्याला घराबाहेर ठेवत नाही. भाकरीची वेळ येईपर्यंत ती त्याला मांडीवरच घेऊन बसते. अधिकार पाहणे म्हणजे किती, केव्हा आणि कसे द्यावे हे पाहणे. द्यावे की नाही हे ठरवायला तो शब्द नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण उघडे, ते झाकलेले, एवढ्यावर समाधान मानू नये. ज्याला वाचता येत नाही त्याला बाळबोधसुद्धा सकळ लिपीच. माझ्या लहानपणी गावात पोथी वाचणारे चारदोन, बाकी सारे ऐकणारे. त्यांची किल्ली म्हणजे वाचणाऱ्याचा कंठ. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला जन्मलेले गुलाबराव महाराज अगदी तान्हेपणी दृष्टीला मुकले. त्यांना कुठलेच अक्षर दिसत नव्हते. लोकांनी वाचून दाखवावे, त्यांनी ऐकावे, आणि मग त्यांनी सांगावे व लोकांनी लिहून घ्यावे. उण्यापुऱ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात एवढे ग्रंथ झाले. वाचून दाखवणारा एखादा जर म्हणाला असता की आधी अधिकार सिद्ध करा, तर? आणि शेणगावचे गाडगेबाबा. शाळा नाही, पोथी नाही. हाती खराटा, आणि कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही, अशी त्यांची भूमिका. त्यांनी कोणाला दीक्षा दिली नाही, म्हणून कोणी दीक्षेबाहेरही राहिला नाही.

आता माझी गोष्ट. ती न सांगता हा लेख संपवला तर तो खोटा होईल.

माझ्याजवळ माझ्या गुरुजींच्या हातच्या आणि माझ्या अशा मिळून सात वह्या होत्या. कोणत्या अभंगाला कोणते प्रमाण, कोणता दृष्टांत, चाल कुठे उचलायची, सारे त्यात. पस्तीस वर्षांपूर्वी अकोल्याकडच्या एका खेड्यातला एक पोरगा माझ्यामागे टाळ धरायला येत असे. आवाज गोड, पाठांतर चोख. एकदा त्याने विचारले, "महाराज, वही उतरून घेऊ काय?" मी म्हणालो, "अजून तुझा अधिकार नाही." तो पुढे दोन वर्षे आला. पुन्हा त्याने मागितले नाही. मग येईनासा झाला.

त्याचा अधिकार नव्हता काय? होता. माझ्यापेक्षा अधिक असेल. मला भय होते की माझेच दृष्टांत तो गोड गळ्याने सांगेल आणि पुढच्या वर्षी सप्ताहाची सुपारी त्याच्या दारात जाईल. हे भय मी अधिकाराच्या शब्दात गुंडाळले. महानुभावांच्या पोथीला निदान परचक्राचे कारण होते, माझ्या वहीवर कोणते परचक्र आले होते?

त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. कुलूप दिसले की त्याला नावे ठेवण्याआधी विचारावे, हे कोणाला राखण्यासाठी आहे? शब्द शुद्ध राहावा म्हणून असेल, तर ते काही काळ समजण्यासारखे आहे. पण धोका टळला की काढावे, नाहीतर राखणदारच मालक होतो. ऐकणाऱ्याला झेपावे म्हणून असेल, तर त्याला जवळ बसवून घ्यावे आणि थोडे थोडे द्यावे. आणि सांगणाऱ्याचा मान, त्याची बिदागी, त्याचे मोठेपण राखण्यासाठी असेल, तर त्यावर कितीही मोठ्या परंपरेचे नाव लिहा, ते चोरीचेच कुलूप. नाम तर मुळात उघडे आहे. तुकोबारायांना स्वप्नात गुरूंनी रामकृष्णहरि दिला आणि त्यांनी तो जगाला सांगून टाकला. आज तो दिंडीतल्या लेकराच्याही तोंडी आहे, आणि एवढ्या तोंडांतून गेला तरी त्याचा रस कमी झाला नाही. वाटल्याने जे आटते ते ज्ञान नव्हे, ती पुंजी.

रिद्धपूरच्या त्या महंतांनी आम्हाला जुनी पोथी दाखवली. ते एकेक अक्षर बोटाने दाखवून वाचत होते आणि आमची माळकरी मंडळी भोवती वाकून ऐकत होती. कोणी कोणाचा पंथ विचारला नाही.

घरी आल्यावर मी सातही वह्या गावातल्या विठ्ठलमंदिरात नेऊन ठेवल्या. ज्याला पाहिजे त्याने तिथे बसून उतरून घ्याव्या. आतापर्यंत तीन पोरे आणि एक मुलगी येऊन गेली. ज्याने पहिल्यांदा मागितली होती तो कुठे आहे ते मला ठाऊक नाही. हा अंक त्याच्या हाती पडला तर त्याने यावे. तो आला नाही, तर दोष त्याचा नाही.

रामकृष्णहरि.