मळ कशाला म्हणायचं?

जुनं चामड्याचं जॅकेट हाती आलं की बहुतेकांना पहिल्यांदा तेल आठवतं. कोपरांशी तडे गेलेत, कॉलर ताठरली आहे, म्हणजे ते तहानलेलं असणार, असं आपण धरून चालतो. आपल्याकडे या समजुतीला जुना आधारही आहे. नव्या कोल्हापुरी वहाणांना तेल पाजलं की त्या मऊ होतात, हे घरोघरी ठाऊक असतं. पण कमावलेलं कातडं मेलेलं असतं. ते काही पीत नाही आणि स्वतःची जखमही भरून काढत नाही. हे विसरून केलेली सेवा कित्येकदा उपेक्षेपेक्षा महागात पडते.

कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच्या तंतूंची गुंतवळ. हिरडा-बाभळीतलं टॅनिन किंवा क्रोमियमचे क्षार हे तंतू बांधून ठेवतात, म्हणून ते कुजत नाहीत. मग कारखान्यात त्यात बेताची चरबी मुरवली जाते, तेव्हा तंतू एकमेकांवरून सरकतात आणि चामडं वाकतं. काळाच्या ओघात ही चरबी कमी होते हे खरं, पण जिथे तंतूच तुटले आहेत तिथे तेल काहीही जोडत नाही. जास्तीचं तेल हवेतल्या प्राणवायूनं हळूहळू चिकट होतं, रंग काळवंडवतं आणि धूळ धरून ठेवतं. ग्रंथालयांत एकेकाळी चामडी बांधणीच्या पुस्तकांना लॅनोलिन, मधमाशांचं मेण आणि देवदाराचं तेल यांचं मिश्रण नेमानं चोळलं जाई. त्याची कृती ब्रिटिश म्युझियमच्या नावानं ओळखली जायची. आज जतनाचं काम करणारे अशा लेपनापासून शक्यतो दूर राहतात. वहाणेची गोष्ट वेगळी. ती झिजवण्यासाठीच घेतलेली असते. जुनं जॅकेट मात्र आपल्याला टिकवायचं असतं.

तेल बाजूला ठेवलं तर उरते ती सफाई, आणि तिची रीत साधी आहे. खिसे उलटे करून धूळ झाडायची, मऊ ब्रश फिरवायचा, मग घट्ट पिळलेल्या सुती फडक्यानं हलक्या हातानं पुसायचं. पण आधी कॉलरच्या खालच्या बाजूला चाचणी घ्यायची. फडक्याला रंग लागला, तर तिथेच थांबायचं. चामडं किंचित आम्लधर्मी असतं आणि कपड्यांचा साबण अल्कधर्मी, म्हणून तो वापरायचा नाही. वाळवायचं सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर. ओल्या चामड्याला उष्णता लागली की ते आक्रसतं, आणि जुनं, खंगलेलं चामडं तर नव्यापेक्षा पुष्कळ कमी तापमानाला आक्रसतं. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात खरा शत्रू बुरशी असते. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीऐवजी सुती खोळ आणि रुंद खांद्यांचा हँगर बरा.

इथवर सगळं हातांचं काम आहे. अवघड भाग पुढे येतो, तो म्हणजे काय पुसायचं हे ठरवणं. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलानं १९३१ साली ए-टू नावाचं जॅकेट स्वीकारलं. ते बहुधा घोड्याच्या कातड्याचं असे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांनी त्याच्या पाठीवर विमानांची नावं आणि चित्रं रंगवून घेतली, कुणी प्रत्येक मोहिमेमागे एक छोटा बॉम्बही काढून घेतला. अशा पाठीवरून स्पिरिटचा बोळा फिरवला, तर जॅकेट स्वच्छ होईल आणि त्याचं मोलही धुऊन जाईल. रंगवलेलं चित्र जपायचं हे कुणालाही पटतं. पण बाहीवरचा ग्रीसचा डाग? कॉलरला वर्षानुवर्षांच्या घामानं चढलेली काळी झाक? तो मळ की खूण? व्हिएन्नाचा कलेतिहासकार आलोइस रीगल यानं १९०३ मध्ये स्मारकांबद्दल लिहिताना जुनेपणाचं मोल आणि नवेपणाचं मोल यांतला झगडा मांडला होता. एक काळाच्या खुणांवर जगतं, दुसऱ्याला त्या खुणा सहन होत नाहीत. इमारतींबद्दलचा हा पेच घरच्या टेबलावरही तसाच उभा राहतो.

म्हणजे मळ हा वस्तूत आपोआप असतो असं नाही. कुणीतरी तसा निवाडा देतं. मराठी माणसाला हे चामड्याच्या बाबतीत तरी वेगळं सांगावं लागू नये. कातडी कमावणारे ढोर आणि वहाणा, पखाली, मोटा शिवणारे चांभार यांच्याकडे चामडं ओळखण्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान होतं. गावाचं पाणी त्यांच्या मोटेनं शेतात पोचत होतं. तयार वस्तू सगळ्यांना चालली, पण ती बनवणारे हात मात्र विटाळाचे ठरले. मळ कशाला म्हणायचं हे ठरवण्याचा अधिकार एका बाजूला साठला, की तो किती आंधळेपणानं वापरला जातो, याचा हा आपल्याच मातीतला दाखला आहे. जॅकेटवरच्या डागाशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही. पण ‘हे घाण आहे’ असं म्हणताना जीभ किंचित अडखळावी, एवढं तरी त्यातून शिकता येतं.

म्हणूनच जतनाच्या क्षेत्रातलं एक तत्त्व मला फार शहाणपणाचं वाटतं: जे कराल ते पुढे उलटवता यावं असं करा. फाटलेल्या जागी आतून लावलेलं ठिगळ उद्या काढता येईल. अस्तर उसवून पुन्हा शिवता येईल. विरलेल्या जागेवर चढवलेला दाट रंग मात्र सुटता सुटत नाही, आणि त्याखाली काय होतं हे पुढच्या माणसाला कधीच कळत नाही. बुरशी आणि धूळ यांच्याबद्दल शंका नको, ती चामडं खातात किंवा घासतात, ती काढावीच. जिथे नुकसान चालू नाही, फक्त आपल्या डोळ्यांना खटकतंय, तिथे हात आवरावा. आपली आवड हा पुरावा नव्हे. जॅकेट खुशाल अंगात घालावं, त्यावर आपल्याही दिवसांचे ठसे उमटू द्यावेत. त्यांना मळ म्हणायचं की खूण, हे ठरवायला आपल्यानंतरही कुणीतरी असणार आहे.